नियोजन अनुदान हाती घेताना: अमेरिकेत आरोग्य विम्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुणे, नागपूर, कोल्हापूरहून बीडीएस, बीएएमएस किंवा एमबीबीएस करून अमेरिकेत एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, येणारी बरीच मुलंमुली पुढे दवाखान्यात दिसत नाहीत. ती लागतात राज्याच्या आरोग्य खात्यात, विद्यापीठाच्या एखाद्या धोरण केंद्रात, नाहीतर ना-नफा संस्थेत. टेबलावरचा कॉम्प्युटर नीट सुरू होण्याआधीच वरिष्ठ सांगतात, "यंदा आपण प्लॅनिंग ग्रँटला अर्ज करतोय, आकडेवारीचा भाग तू बघ." तोवर ग्रँट म्हणजे संशोधनाची, एवढंच डोक्यात असतं. ही जात वेगळी. त्या पहिल्या काही आठवड्यांत उपयोगी पडेल असं इथे लिहितो आहे.

विमा नसलेल्यांना विमा कसा मिळवून द्यायचा याचा आराखडा करायला केंद्र सरकार राज्यांना पैसे देतं, त्याला प्लॅनिंग ग्रँट म्हणायचं. त्या पैशातून कुणाचा उपचार होत नाही, कुणाचा हप्ताही भरला जात नाही. पैसा जातो सर्वेक्षणावर, ॲक्च्युअरीवर (विम्याचा खर्च आणि जोखीम गणिताने मांडणारा तज्ज्ञ), बैठकांवर आणि अहवालावर. बाहेरच्याला ही उधळपट्टी वाटते, आणि कधीकधी ती असतेही. पण अमेरिकेत विमा एका छपराखाली नाही. काम करणाऱ्यांचा विमा बहुतांशी मालकाकडून येतो, 65 च्या पुढच्यांना मेडिकेअर, गरिबांना केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ते मेडिकेड, मुलांसाठी 1997 पासून चिप. या सगळ्यांच्या मधल्या फटींत जे पडतात ते विनाविमा. 2010 साली असे लोक सुमारे 16 टक्के होते. 2023 मध्ये ते प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास आलं. पण टेक्ससमध्ये आजही साधारण सहातला एक माणूस विनाविमा आहे आणि मॅसॅच्युसेट्समध्ये शंभरात दोन-तीन. दोन्ही राज्यांना एकच आराखडा लागू पडणार नाही, म्हणून प्रत्येकाने आपापला करायचा.

आधी मागचा हिशोब वाचा

नवखा माणूस थेट अर्जाच्या नमुन्यापासून सुरुवात करतो. मी म्हणेन, पहिले दोन दिवस जुने अहवाल वाचण्यात घाला. तुमच्या राज्याने हे काम आधी एकदा तरी केलेलं असणारच.

2000 साली केंद्रीय आरोग्य खात्याच्या एचआरएसए या विभागाने स्टेट प्लॅनिंग ग्रँट्स सुरू केल्या. पहिल्या फेरीत 11 राज्यं होती. त्यांत मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा, ओरेगन, व्हरमाँट, आर्कन्सा, कॅन्सस अशी एकमेकांशी फारसं साम्य नसलेली राज्यं एका रांगेत आली. पुढच्या काही वर्षांत बहुतेक सगळी राज्यं यातून गेली. काम ठरलेलं होतं: विमा नसलेले कोण ते मोजा, परवडणारा विमा देण्याचे पर्याय तपासा, केंद्राला लिहून कळवा.

मग 2009 मध्ये एसएचएपी, म्हणजे स्टेट हेल्थ ॲक्सेस प्रोग्रॅम, नावाची ग्रँट आली. यात नुसता आराखडा नव्हता, तो अमलात आणायलाही पैसा होता. 13 राज्यं निवडली गेली आणि कार्यक्रम पाच वर्षांचा म्हणून सांगितला गेला. 2011 च्या खर्चाच्या कायद्यात काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो पैसा थांबवला. पाच वर्षांच्या भरवशावर माणसं नेमलेल्या राज्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. केंद्राच्या पत्रावर पाच वर्षं लिहिलेली असली तरी पुढच्या प्रत्येक वर्षाचा पैसा संसदेने दिला तरच मिळतो, ही ओळ प्रत्येक सूचनेत बारीक अक्षरात असतेच. ती शोधून वाचा. तुमची स्वतःची जागा ग्रँटच्या मुदतीपुरती आहे का, हेही नोकरी घेतानाच विचारून ठेवा. व्हिसावर असलेल्यांना ते नंतर कळणं फार महागात पडतं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी लाट 2010 च्या अफोर्डेबल केअर ॲक्टची. त्या कायद्याच्या कलम 1311 खाली राज्यांना स्वतःची एक्सचेंज, म्हणजे विमा निवडून विकत घेण्याची सरकारी बाजारपेठ, उभारायला पैसा मिळणार होता. 30 सप्टेंबर 2010 रोजी 48 राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी यांना नियोजनासाठी प्रत्येकी 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम जाहीर झाली. एकूण सुमारे 4.9 कोटी डॉलर. अलास्का आणि मिनेसोटाने तेव्हा अर्जच केला नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये संगणक प्रणाली आधी बांधणाऱ्यांसाठी आणखी मोठ्या रकमा निघाल्या. ओक्लाहोमाला त्यातले सुमारे साडेपाच कोटी डॉलर मिळाले आणि दोन महिन्यांत त्यांनी ते परत केले. कॅन्ससनेही आपले तीन कोटींच्या वरचे परत पाठवले. अर्जात चूक नव्हती, आकडेवारी कच्ची नव्हती. राज्याच्या राजकारणाला तो पैसा नको होता.

ओरेगनची गोष्ट उलटी. तिथे राजकीय इच्छा होती आणि केंद्राचा पैसाही होता, सगळ्या फेऱ्या धरून सुमारे 30 कोटी डॉलर. ऑक्टोबर 2013 मध्ये एक्सचेंज उघडायची वेळ आली तेव्हा संकेतस्थळावरून एका माणसाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत नोंदणी करता येईना. कर्मचाऱ्यांनी कागदी अर्ज भरून घेतले. एप्रिल 2014 मध्ये राज्याने केंद्राच्या हेल्थकेअर डॉट गव्हवर जायचं ठरवलं. आराखडा उत्तम असणं आणि तो बांधून घेता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याचा अंदाज पहिल्यातच मांडावा लागतो.

पायरी पहिली: पैसा आज कुठल्या दाराने येतो

कलम 1311 चं दार बंद झालं आहे. कायद्यातच लिहिलं होतं की 1 जानेवारी 2015 नंतर ही ग्रँट देता येणार नाही आणि एक्सचेंजनी स्वतःच्या पायावर उभं राहायचं. त्यामुळे "प्लॅनिंग ग्रँट" असा शब्द टाकून शोध घेतला तर हाती जुन्याच सूचना लागतात. नियोजनाचा पैसा आता इतर नावांखाली येतो, आणि तो ओळखता येणं हे या कामातलं निम्मं कसब आहे.

मेडिकेडचा प्रशासकीय खर्च केंद्र निम्मा उचलतं. मेडिकेडची व्याप्ती वाढवायचा अभ्यास असेल तर राज्याने अर्धे घातले की केंद्राचे अर्धे येतात. त्यासाठी स्पर्धा नसते, पण खर्च मेडिकेडच्या कामाचाच आहे हे दाखवावं लागतं. पात्रता तपासणारी नवी संगणक प्रणाली बांधायची असेल तर केंद्राचा वाटा 90 टक्क्यांपर्यंत जातो आणि ती चालवायला 75 टक्क्यांपर्यंत. मात्र यासाठी आधी लेखी योजना मंजूर करून घ्यावी लागते. आधी खर्च करून मग मागितला तर मिळत नाही.

मधूनमधून काँग्रेस एखाद्या मोठ्या कायद्यात छोटी रक्कम घालते. 2021 च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधून एक्सचेंजच्या आधुनिकीकरणाला 2 कोटी डॉलर निघाले होते, ते 21 एक्सचेंजना वाटले गेले. याशिवाय राज्याचं विधिमंडळ स्वतः अभ्यासगटाला पैसे देतं, आणि रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनसारख्या संस्था पूर्वीपासून या कामाच्या पाठीशी आहेत. नॅव्हिगेटर ग्रँट हे प्रकरण वेगळं आहे. ती लोकांना अर्ज भरायला मदत करणाऱ्या संस्थांसाठी असते, नियोजनासाठी नाही. नवखे दोन्हीची गल्लत करतात.

आणि मग त्याच अफोर्डेबल केअर ॲक्टचं कलम 1332, राज्याला कायद्याच्या काही नियमांतून सूट देणारं. हे थेट अनुदान नाही, पण यातून येणारा पैसा कुठल्याही प्लॅनिंग ग्रँटपेक्षा मोठा असू शकतो. राज्याने असं काही केलं की विम्याचे हप्ते उतरले, तर एक्सचेंजवर विमा घेणाऱ्यांना केंद्र हप्त्यावर जी सवलत देतं, तिचा खर्च वाचतो. ती वाचलेली रक्कम राज्याला मिळते. अलास्काने स्वतःचे साडेपाच कोटी डॉलर घालून महागड्या रुग्णांच्या खर्चासाठी पुनर्विमा, म्हणजे विमा कंपन्यांवरचा तो भार उचलणारा निधी, सुरू केला, वैयक्तिक विम्याचे भडकणारे हप्ते आवरले, आणि जुलै 2017 मध्ये या कलमाखाली मंजुरी मिळवली. त्या वाटेने पुढे डझनाहून अधिक राज्यं गेली. अटी चार: विमा तितकाच व्यापक हवा, तितकाच परवडणारा हवा, तितक्याच लोकांना मिळायला हवा आणि केंद्राची तूट वाढता कामा नये. सोबत राज्याचा कायदा, जनसुनावणी आणि ॲक्च्युअरीचा अहवाल लागतो. तो अहवाल करून घेण्याचा खर्च हेच आजकालच्या नियोजनाचं मुख्य कलम असतं.

पायरी दुसरी: मोजणी

इथे जरा थांबतो, कारण तुमच्या वाट्याला बहुधा हेच येणार आहे, आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची समजूत नेमकी इथे आड येते.

आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची पायाभरणी 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत झाली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, तेव्हा पात्र कोण हा प्रश्न बऱ्याच अंशी आधीच सुटलेला होता. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड दाखवायचं. यादी सरकारकडे तयार होती. अमेरिकेत अशी यादीच नाही. विमा नसलेल्या माणसाची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. तो दप्तराबाहेर आहे म्हणूनच तर तो विनाविमा. त्यामुळे त्याला सर्वेक्षणातूनच शोधावा लागतो, आणि सर्वेक्षणं एकमेकांशी जुळत नाहीत.

सगळ्यात मोठं अमेरिकन कम्युनिटी सर्वेक्षण. दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर ते जातं आणि 2008 पासून त्यात विम्याचा प्रश्न आहे. ते विचारतं, आज तुमच्याकडे विमा आहे का? करंट पॉप्युलेशन सर्वेक्षणाची वार्षिक पुरवणी विचारते, मागच्या सबंध वर्षात कधी होता का? चार महिने विमा असलेला आणि आठ महिने नसलेला माणूस एका ठिकाणी विमाधारक मोजला जातो, दुसऱ्या ठिकाणी कदाचित विनाविमा. दोन्ही आकडे बरोबरच असतात. अर्जात दोन्ही सर्वेक्षणांचे आकडे एकाच परिच्छेदात मिसळले की जाणता परीक्षक तिथेच पेन्सिलीने खूण करतो. एक सर्वेक्षण निवडा, का निवडलं ते एका वाक्यात सांगा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा.

काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची, आकडेवारी हवी असेल तर जनगणना विभागाचे साही या नावाने ओळखले जाणारे अंदाज आहेत. ते मॉडेलवर बेतलेले आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत, हे तळटीपेत असू द्या. मालक विमा देऊ करतात की नाही, हप्त्यातला किती वाटा कामगाराच्या पगारातून कापतात, हे मेप्सच्या मालकांच्या सर्वेक्षणातून राज्यवार मिळतं. मिनेसोटा विद्यापीठातलं शॅडॅक हे केंद्र 2000 पासून राज्यांना याच आकडेवारीत मदत करतं; त्यांची तुलनात्मक टिपणं आधी वाचली तर तुमचे बरेच दिवस वाचतील.

एक सापळा फार जुना आहे. सर्वेक्षणात मेडिकेडवर असलेले लोक नेहमी कमी भरतात. राज्याच्या संगणकात जितकी नावं असतात, त्याहून कमी लोक दारावर आलेल्या माणसाला "हो, मी मेडिकेडवर आहे" असं सांगतात. काहींना आपल्या कार्डावरचं खासगी कंपनीचं नाव बघून तो खासगी विमाच वाटतो. काहींना आपलं नाव अजून यादीत आहे हेच ठाऊक नसतं. याचा काही भाग विनाविमा म्हणून मोजला जातो आणि तुमचा आकडा फुगतो. मेडिकेड कार्यालयातल्या कुणाला तरी गाठून त्या महिन्याची नोंदणीसंख्या मागून घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

संख्येनंतर खरा प्रश्न: हे लोक विनाविमा का आहेत? 2000 च्या दशकातल्या राज्यांच्या सर्वेक्षणांतून पुन्हा पुन्हा दिसलं की बहुतांश घरांत कुणीतरी नोकरी करतंच. ती नोकरी छोट्या दुकानातली, अर्धवेळ किंवा हंगामी असते. आज चित्र थोडं बदललं आहे. विनाविमा लोकांपैकी निम्म्याहून अधिक जण कुठल्या ना कुठल्या सरकारी मदतीला आधीच पात्र आहेत, पण नोंदलेले नाहीत. कोविडकाळात मेडिकेडमधून कुणाला काढायचं नाही असा नियम होता. तो उठल्यावर 2023 पासून अडीच कोटींहून जास्त लोकांची नावं गळली, आणि त्यातली बहुतेक कागद वेळेत न पोचल्यासारख्या कारणांनी. अशा राज्याला नवी योजना काढण्याची गरज आहे की नूतनीकरणाचा फॉर्म सोपा करण्याची, हे मोजणीच सांगेल.

म्हणून यादीचे निदान चार गठ्ठे करा. मेडिकेडला पात्र पण नाव नसलेले. एक्सचेंजवर सवलतीला पात्र पण न घेतलेले. मालकाचा विमा परवडत नसलेले. आणि कायद्यानेच बाहेर ठेवलेले. या शेवटच्या गठ्ठ्यात ज्या राज्यांनी मेडिकेड वाढवलं नाही तिथले गरीब प्रौढ येतात, कारण अफोर्डेबल केअर ॲक्टने सांगितलेली ती वाढ 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांच्या मर्जीवर गेली आणि 10 राज्यांनी ती अजून केलेली नाही. कागदपत्रं नसलेले स्थलांतरितही इथेच. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं न झालेल्या बहुतेक प्रौढांना 1996 च्या कायद्यामुळे केंद्राचं मेडिकेड मिळत नाही. ग्रीन कार्डवर आईवडिलांना आणून ठेवलेल्या मराठी घरांना हा नियम तोंडपाठ असतो. मेडिकेअरही त्यांना 65 च्या पुढे असून पाच वर्षं राहिल्यावरच विकत घेता येतं. प्रत्येक गठ्ठ्याला औषध वेगळं. ते सगळे एका आकड्यात कोंबून पुढे गेलात तर पुढची प्रत्येक पायरी डळमळीत.

पायरी तिसरी: टेबलाशी कोण

पूर्वीच्या ग्रँटमध्ये राज्यातून एकच अर्ज चाले आणि कुठलं खातं तो करणार हे गव्हर्नरच्या कार्यालयातून ठरे. इथला गव्हर्नर निवडून आलेला असतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागचा. त्याच्या पाठिंब्याचं पत्र लागतंच. त्याहून महत्त्वाचे दोन लोक म्हणजे विमा आयुक्त आणि मेडिकेड संचालक. बऱ्याच राज्यांत ही खाती एकमेकांशी फार बोलत नाहीत, एक तर विमा आयुक्त काही ठिकाणी स्वतंत्रपणे निवडून येतो आणि त्याचा पक्ष वेगळा असू शकतो. दोघांची सही एका पानावर आणणं हे महिनाभराचं काम धरा.

विधिमंडळातला निदान एक माणूस प्रत्येक बाजूने सुरुवातीपासून हवा. राज्यात मान्यताप्राप्त मूलनिवासी जमाती असतील तर त्यांच्याशी सल्लामसलत स्वतंत्रपणे, त्यांच्या प्रतिनिधींबरोबर करायची असते. जनसुनावणीला आमंत्रण पाठवलं म्हणजे ती झाली असं होत नाही. छोटे व्यावसायिक, हॉस्पिटलांची संघटना, दलाल, विमा कंपन्या येतातच, त्यांना बोलवावं लागत नाही. विनाविमा माणूस मात्र मंगळवारी सकाळी दहाच्या बैठकीला येत नाही. त्या वेळी तो कामावर असतो. त्याच्यासाठी संध्याकाळची वेळ, ग्रंथालय किंवा चर्चचा हॉल आणि दुभाषी, हे तिन्ही अंदाजपत्रकात घाला.

पायरी चौथी: भरणार कोण

या अख्ख्या लेखात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे, ती इथे. नियोजन अनुदानातून निघालेले आराखडे बहुधा एकाच जागी मोडतात: योजना सुरू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी पैसे कोण भरणार, हे प्रकरण शेवटी लिहायला ठेवलं म्हणून. लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुहूर्त शोधण्यातला प्रकार.

व्हरमाँटकडे पाहा. पहिल्या फेरीपासून नियोजन करणारं, छोटं, एकजिनसी, राजकीयदृष्ट्या अनुकूल राज्य. 2011 मध्ये त्यांनी सर्वांसाठी एकच सरकारी विमा आणायचा कायदा केला. पण पैसा कुठून येणार हे त्या कायद्यात नव्हतं; ते नंतर ठरवायचं होतं. हिशोब झाला तेव्हा मालकांवर पगाराच्या 11.5 टक्के आणि व्यक्तींवर उत्पन्नानुसार 9.5 टक्क्यांपर्यंत नवा कर लागेल असं निघालं. डिसेंबर 2014 मध्ये गव्हर्नर पीटर शमलिन यांनी ते सोडून दिल्याचं जाहीर केलं. गंमत अशी की त्या करांच्या बदल्यात लोकांचे हप्ते बंद होणार होते, पण पगारातून गुपचूप कापला जाणारा हप्ता कुणाला दिसत नाही आणि कर सगळ्यांना दिसतो. नियोजनाच्या टेबलावर हे बोललं गेलंच पाहिजे.

दुसरी भिंत 1974 च्या एरिसा कायद्याची, म्हणजे मालकांनी कामगारांना दिलेल्या विमा-पेन्शनसारख्या लाभांवरच्या केंद्राच्या कायद्याची. मोठ्या कंपन्या विमा विकत घेत नाहीत. कामगारांचा उपचारखर्च स्वतःच्या तिजोरीतून देतात आणि विमा कंपनीला केवळ कागदपत्रं सांभाळायला ठेवतात. मालकाकडून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त कामगार अशा व्यवस्थेत आहेत, आणि एरिसामुळे त्यांच्यावर राज्याचा विमा कायदा चालत नाही. मेरीलँडने 2006 मध्ये दहा हजारांवर कामगार असलेल्या मालकांनी पगाराच्या 8 टक्के आरोग्यावर खर्च करावेत असा कायदा केला. 2007 च्या सुरुवातीला केंद्रीय अपील न्यायालयाने तो एरिसाविरुद्ध ठरवला. हवाई राज्यात मालकांना विमा द्यावाच लागतो, पण त्यांचा कायदा एरिसाच्या जरा आधीचा आहे आणि त्यासाठी काँग्रेसने खास सूट दिली आहे. तेव्हा "हवाईसारखं करू" असं कुणी बैठकीत म्हणालं तर हे शांतपणे सांगा. मालकांना हात लावणारा कुठलाही पर्याय वकिलाच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय अहवालात घालू नका.

तिसरं, केंद्राच्या पैशाची मुदत. एक्सचेंजवरची हप्त्याची वाढीव सवलत 2021 च्या कायद्याने आली, 2022 मध्ये लांबली आणि तिची मुदत 2025 अखेरपर्यंतच होती. त्या आधारावर लिहिलेले पाच वर्षांचे अंदाज त्या तारखेपाशी वाकतात. प्रत्येक पर्यायाचे दोन हिशोब मांडा: केंद्राचा वाटा आहे तसा राहिला तर, आणि कमी झाला तर. दुसरा हिशोब कुणाला आवडत नाही. तरीही मांडा.

राजकारण बदललं तर काय, हेही याच प्रकरणात येतं. केंटकीने गव्हर्नर स्टीव्ह बेशियर यांच्या आदेशाने उभं केलेलं कायनेक्ट नावाचं एक्सचेंज 2013 मध्ये पहिल्या दिवसापासून नीट चाललं. विधिमंडळाचा कायदा मागे नसल्याने पुढच्या गव्हर्नरला ते बंद करता आलं, आणि त्यानंतरच्या गव्हर्नरच्या काळात ते पुन्हा सुरू झालं. आराखड्यात "हे आदेशाने होईल" असं लिहिताना पुढचं वाक्य काय असायला हवं, ते यावरून दिसतं.

पायरी पाचवी: अर्ज

हे भरभर सांगतो, कारण सूचना सगळीकडे सापडतात.

सॅम डॉट गव्ह या केंद्राच्या संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी असल्याशिवाय अर्ज जात नाही. ती दरवर्षी नवी करावी लागते आणि अडकली तर आठवडे जातात. मुदत संपलेली नसल्याची खात्री पहिल्याच दिवशी करा. तिथून संस्थेच्या ओळखीचा 12 अक्षरी यूईआय क्रमांक मिळतो. 2022 पर्यंत चालणारा डन्स क्रमांक आता जुन्या कागदांवरच दिसेल. ग्रँट्स डॉट गव्हवर अर्ज पाठवण्याचा अधिकार ज्याच्या नावावर आहे तो माणूस त्या आठवड्यात रजेवर नाही ना, ते विचारा. हसू नका, विचारा.

सूचनेचा कागद, ज्याला सगळे नोफो म्हणतात, तो छापून घ्या आणि गुणांकनाचं पान आधी वाचा. गरज मांडायला 15 गुण आणि अंमलबजावणीच्या योजनेला 35 असतील, तर पानंही त्याच प्रमाणात. नवखे गरजेवर दहा पानं लिहितात, कारण आकडे हातात असतात आणि लिहायला सोपं जातं. परीक्षकाला अमेरिकेत विनाविमा लोक आहेत हे ठाऊक आहे.

एसएफ-424 हा मुख्य फॉर्म. अंदाजपत्रकाच्या प्रत्येक ओळीमागे लेखी कारण लागतं. पगाराला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा असते, ती दरवर्षी बदलते. अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे जागा, वीज, कार्यालय यांसारख्या सामाईक खर्चाचा, दर केंद्राशी वाटाघाटीने ठरलेला नसेल तर 15 टक्के धरता येतात. 2024 च्या ऑक्टोबरपूर्वी ते 10 होते, म्हणून जुना नमुना तसाच उचलू नका. लॉबिंगला या पैशातून एक डॉलर चालत नाही. आमदाराने माहिती मागितली आणि तुम्ही दिली तर ते ठीक. अमुक विधेयकाला मत द्या म्हणालात तर नाही. जे राज्य आधीच स्वतःच्या पैशाने करत आहे त्याचा खर्च ग्रँटवर ढकलताही येत नाही.

शेवटच्या रात्री 11.59 पर्यंत वेळ असते, ती पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने. कॅलिफोर्नियात बसून रात्री दहाला पाठवलेला अर्ज उशिरा आलेला असतो. दोन दिवस आधी पाठवा. तांत्रिक चुकीने परत आला तर दुरुस्तीला जागा राहते.

पायरी सहावी: पैसा आला, आता वर्ष सुरू

मंजुरीचं पत्र आलं की लोक केक कापतात (केकचा खर्च ग्रँटमध्ये नाही) आणि मग कळतं की पैसा वापरायला राज्याची परवानगी लागते. कित्येक राज्यांत केंद्राचा पैसा स्वीकारायलाच विधिमंडळाची समिती लागते. न्यू हॅम्पशायरमध्ये मोठी कंत्राटं पाच सदस्यांच्या एक्झिक्युटिव्ह कौन्सिलपुढे जातात. त्यानंतर ॲक्च्युअरी आणि सर्वेक्षण कंपनी नेमायला निविदा. वर्षभराच्या ग्रँटमधले चार-पाच महिने इथेच जातात. म्हणून निविदेचा मसुदा अर्ज करतानाच लिहून ठेवा. विद्यापीठाशी राज्याचा आधीचा करार असेल तर त्यातून काम देता येतं का ते पाहा. पुष्कळ राज्यं तेच करतात.

कॅलेंडर तीन असतात. केंद्राचं वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, बहुतेक राज्यांचं 1 जुलैला, आणि विधिमंडळाचं आपलं वेगळं. टेक्ससचं विधिमंडळ विषम वर्षांत भरतं आणि नियमित अधिवेशन 140 दिवसांचं. तुमचा अहवाल अधिवेशन संपल्याच्या पुढच्या महिन्यात तयार झाला तर तो वाचणारे दोन वर्षांनी भेटणार. ग्रँट संपण्याची तारीख पाहून वेळापत्रक बनवू नका. विधेयकं दाखल करण्याची शेवटची तारीख शोधा आणि तिथून मागे मोजत या. मुख्य निष्कर्षांचं चार पानी टिपण त्या तारखेच्या दोन महिने आधी हातात हवं. जाडजूड अहवाल नंतर आला तरी चालतो.

मुदतीत काम संपत नसेल तर जादा पैसे न मागता मुदत वाढवून घेता येते. ती मुदत संपण्याआधी मागायची असते.

पायरी सातवी: आवरताना

ग्रँट संपल्यावर अंतिम आर्थिक आणि कामाचा अहवाल द्यायला 120 दिवस असतात. कागद अंतिम हिशोब दिल्यापासून तीन वर्षं ठेवावे लागतात, ऑडिट सुरू असेल तर ते मिटेपर्यंत.

यात कुणी न सांगितलेलं एक काम जोडा. सर्वेक्षणाची मूळ फाईल, प्रश्नावली, नमुन्याला दिलेली वजनं आणि ॲक्च्युअरीच्या गृहीतकांचा तक्ता, हे सगळं सल्लागार कंपनीकडे राहून जातं आणि राज्याकडे उरते छापील पीडीएफ. करारातच लिहून घ्या की हे चारही राज्याच्या मालकीचे आणि शेवटचा हप्ता ते हातात आल्यावरच. फाईल कुठल्या सर्व्हरवर, कुठल्या खात्यात ठेवली, ते अंतिम अहवालाच्या परिशिष्टात एका ओळीत नोंदवा. पुढची ग्रँट पाच-सात वर्षांनी येईल तेव्हा तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी असेल, आणि त्यालाही पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं असेल की आकडेवारीचा भाग तू बघ.